नागपूरहून विमान संग्रहालय बघायला जाताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

विमान संग्रहालयात पहिल्यांदा गेलेलं कुटुंब बहुतेक वेळा तासाभरात बाहेर पडतं. प्रत्येक विमानासमोर एक फोटो, पाटीवरचं नाव वाचलं, पुढे. दहाव्या विमानानंतर सगळी सारखीच दिसायला लागतात, मुलं पाणी मागतात आणि मोठ्यांना परतीची गाडी आठवते. इतक्या लांब जाऊन असं व्हावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. थोडी तयारी केली आणि बघायची पद्धत बदलली, तर तीच जागा अख्खा दिवस पुरते.

नागपूरकरांनी तर हे बघायलाच हवं. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या वायुसेना नगरात आहे. विमान उडवणाऱ्याचं नाव इतिहासात येतं. ते उडण्याच्या लायकीचं ठेवणारे हात मात्र फारसे कुणाला दिसत नाहीत, आणि त्या हातांचा कारभार आपल्या शहरातून चालतो. म्हणून या लेखात विमान बघायचं ते दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने. तंत्रज्ञानाचं शिक्षण नसलं तरी ही नजर पटकन येते, आणि एकदा आली की कुठलंच विमान दुसऱ्यासारखं दिसत नाही.

आधी ठिकाण ठरवा

पहिलीच खेप असेल तर दिल्लीतल्या पालमचं हवाई दल संग्रहालय निवडा. हे संग्रहालय १९६७ चं. १९३० च्या दशकातल्या कापडी पंखांच्या विमानांपासून आवाजाच्या अडीचपट वेग ओलांडणाऱ्या मिग-२५ पर्यंतचा प्रवास तिथे एका आवारात दिसतो. नागपूरहून जाणंही सोपं. दुपारी किंवा संध्याकाळी सुटणाऱ्या दिल्लीच्या गाडीत बसलात की सकाळी पोचता. सोमवार आणि मंगळवार हे संग्रहालय बंद असतं, त्यामुळे शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी घेणाऱ्यांनी बेत शनिवारीच उरकावा. कुठल्याही संग्रहालयाच्या वेळा निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून पक्क्या करा. संरक्षण दलांच्या जागा कार्यक्रमासाठी ऐनवेळी बंद राहू शकतात.

बरोबरची मुलं सात-आठ वर्षांची असतील तर मी विशाखापट्टणम सुचवेन. तिथे समुद्रकिनाऱ्यावर नौदलाचं टीयू-१४२ हे अवाढव्य टेहळणी विमान ठेवलं आहे आणि त्याच्या पोटात शिरता येतं. लहान मुलांना दोरीच्या पलीकडून विमान दाखवणं आणि आतल्या अरुंद वाटेतून चालायला देणं यात फार फरक पडतो. रस्त्याच्या पलीकडे आयएनएस कुरसुरा ही पाणबुडीही आहे.

गोव्यात वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. ते दाबोळी विमानतळाला लागून आहे. तुमचं विमान मोपाला उतरणार असेल तर ते गोव्याचं उत्तर टोक, तिथून पुष्कळ अंतर कापावं लागेल. हे संग्रहालय सोमवारी बंद असतं. बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं हेरिटेज सेंटर आहे. भारतात आखलेली आणि बांधलेली विमानं बघायची असतील तर त्याला तोड नाही. चंदीगडला २०२३ मध्ये हवाई दलाचं नवं वारसा केंद्र सुरू झालं आहे.

दिल्लीचा मे महिना टाळा. आपल्याला उन्हाची सवय आहे हे खरं, पण पालमची मोठी विमानं उघड्यावर उभी आहेत आणि भर दुपारी त्या धातूजवळ कुणाला उभं राहवत नाही. फेब्रुवारी उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर सकाळी धुरकं असतं, बाहेरची विमानं दुपारनंतर बघा.

निघण्याआधी: पाच विमानं आणि एक काका

संग्रहालयातली सगळी विमानं बघायची नाहीत. पाचच निवडायची. घरी बसून त्या पाचांबद्दल थोडं वाचायचं आणि वहीत प्रत्येकाला एक पान द्यायचं. पानावर तीनच गोष्टी लिहा: हे कशासाठी बांधलं, इंजिनं किती आणि कुठे, आणि भारतात ते कधी व कुठे वापरलं. उरलेली जागा तिथे गेल्यावर भरायची. बाकीची विमानं वाटेत दिसतीलच, पण मुक्काम या पाचांपाशी.

दुसरी तयारी नागपुरात जितकी सोपी तितकी क्वचितच कुठे असेल. सोमलवाडा, मनीषनगर, त्रिमूर्तीनगर, खामला या भागांत हवाई दलातून निवृत्त झालेली माणसं राहतात. तुमच्या गल्लीत, तुमच्या भिशीत, सकाळच्या फिरण्यात असे एखादे काका नक्की असतील. कुणी इंजिन फिटर असेल, कुणी रडारवाला, कुणी शस्त्रास्त्र विभागातला. त्यांच्याकडे चहाला जा. “काका, लढाईच्या गोष्टी सांगा” असं म्हणू नका, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांनी लढाई धावपट्टीच्या कडेला उभं राहून पाहिली आहे. “तुम्ही कोणत्या विमानावर होता, आणि त्याचं कोणतं झाकण तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा उघडावं लागलं?” असं विचारा. या एका प्रश्नावर संध्याकाळ निघते. जमत असेल तर काकांनाच बरोबर न्या. दर्शनी पाटीवर जे कधीच लिहिलेलं नसतं, ते त्यांच्या तोंडून ऐकायला मिळेल.

बरोबर काय घ्यायचं

प्रत्येक मोठ्या माणसाचं सरकारी ओळखपत्र, मूळ प्रत. टोपी, पाण्याची बाटली, चालायचे बूट. वही आणि पेन्सिल. चाकांच्या खोबणीत आणि इंजिनाच्या तोंडात डोकावायला मोबाइलचा टॉर्च पुरतो, त्यामुळे सकाळी फोन पूर्ण चार्ज करून निघा. ड्रोन घरी ठेवा. लष्करी परिसर आहे: कुठे फोटो काढायचा नाही हे पहारेकऱ्याने सांगितलं की तिथे वाद घालायचा नाही. शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र आधीच पाठवून परवानगी घ्या. अशा गटांना माहिती सांगायला कुणीतरी सोबत मिळण्याची शक्यताही वाढते.

एका विमानाभोवती कसं फिरायचं

उड्डाणाआधी वैमानिक विमानाभोवती एक फेरी मारतो आणि सगळं जागच्या जागी आहे ना ते बघतो. आपणही तशीच फेरी मारायची. नाकापासून सुरुवात, एका बाजूने शेपटीपर्यंत, दुसऱ्या बाजूने परत. मध्ये फोटो नाही. फोटो दुसऱ्या फेरीत.

नाकाजवळ किंवा पंखावर एक बारीक नळी पुढे आलेली दिसेल. तिला पिटो ट्यूब म्हणतात. समोरून येणाऱ्या हवेचा दाब तिच्यातून मोजला जातो आणि त्यावरून वेग कळतो. जमिनीवर असताना तिच्यावर टोपण चढवतात, नाहीतर माती किंवा किडे आत जाऊन वेगाचा आकडा चुकू शकतो. लोकांना ती हात लावून बघायचा मोह होतो. लावू नका, ती सहज वाकते.

पुढे हवा आत घेणारं तोंड. ते नाकातच आहे, बाजूंना आहे की पोटाखाली, हे वहीत लिहा. मग चाकं. हा भाग लोक सर्रास सोडून देतात आणि माझ्या मते सगळ्यात बोलका हाच आहे. खाली वाकून चाकाच्या खोबणीत बॅटरी मारा. नळ्या, तारा, स्क्रू, गंज, जुन्या रंगाचे थर, कुणीतरी कधीतरी रंगवलेला एखादा आकडा. विमानाच्या बाहेरच्या कातडीला संग्रहालयात नवा रंग मिळतो, पण खोबणीत कधीकधी सेवेतल्या दिवसांच्या खुणा तशाच राहिलेल्या असतात. चाक आत कसं दुमडत असेल, कोणत्या दिशेला, एवढ्याशा जागेत कसं बसत असेल, हे मुलांना ओळखायला सांगा.

मग पंख. बोटांनी नव्हे, नजरेने कातडीवरचे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, बघा. काहींची डोकी गोल वर आलेली असतात, काही कातडीत सपाट बसवलेली. सपाट रिव्हेट बसवायला जास्त मेहनत लागते, पण हवेला अडथळा कमी होतो. वेगवान विमानात ते का हवेत हे तिथल्या तिथे समजतं. अंगभर चौकोनी-गोल झाकणं दिसतील, काहींवर बारीक अक्षरांत सूचना असतात: इथे तेल, इथे हवा, इथे पाय देऊ नका. ही अक्षरं वैमानिकासाठी लिहिलेली नाहीत. पहाटे साडेचारला थंडीत हातात पाना घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी ती आहेत. काकांनी ज्या झाकणाबद्दल सांगितलं ते शोधा.

लढाऊ विमानाच्या कॅनॉपीखाली, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेच्या झाकणाखाली, बाजूला लाल त्रिकोण दिसला तर समजा, आत स्फोटकांच्या जोरावर बाहेर फेकली जाणारी खुर्ची बसवलेली होती. ती ओढायची मूठ बहुधा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची असते.

शेवटी शेपटीवरचा क्रमांक लिहून घ्या. तो त्या एका विमानाचा, त्या जातीचा नव्हे. मिग-२१ च्या लढाऊ विमानांचे क्रमांक आपल्याकडे ‘सी’ अक्षराने सुरू होतात. घरी आल्यावर या क्रमांकावरून कधीकधी त्या विमानाचा पूर्ण जीवनक्रम सापडतो.

पालमला माझी पाच

पहिली जोडी हरिकेन आणि स्पिटफायर. दोन्ही ब्रिटिश, दोन्ही दुसऱ्या महायुद्धातली, म्हणून ही दोन एक म्हणून मोजा. हरिकेनच्या मागच्या भागावर हात न लावता तिरक्या उजेडात बघा: तिथे सांगाड्यावर कापड ताणलेलं असतं. स्पिटफायरची कातडी धातूची, आणि ती कातडीच भार पेलते. कापडाला पडलेलं भोक तळावर शिवता-चिकटवता येतं, धातूच्या कातडीला मात्र कसबी कारागीर लागतो. आधी वापिती हे दोन थरांच्या पंखांचं विमान बघून या म्हणजे हा बदल आणखी ठळक होईल. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती चार वापिती विमानांवर.

दुसरं नॅट. पंखांचा विस्तार सात मीटरही नाही. शेजारी उभं राहिलं की उंच माणसाला आतली खुर्ची जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर वाटते. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर हल्ला झाला तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी असंच एक नॅट घेऊन उड्डाण केलं आणि एकट्याने पाकिस्तानच्या अनेक सेबर विमानांशी झुंज दिली. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, हवाई दलातलं एकमेव. इथे मुलांना थोडा वेळ शांत उभं राहू द्या.

तिसरं मारुत, म्हणजे एचएफ-२४. जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूला आखलेलं आणि १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं. बाजूने बघा, मध्ये कंबर बारीक केलेली दिसेल. आवाजाच्या वेगाजवळ हवेचा विरोध कमी करण्यासाठी तो आकार दिला आहे. या विमानाला जसं इंजिन हवं होतं तसं मिळालं नाही, दोन ऑर्फिअस इंजिनांवर भागवावं लागलं, आणि त्याची ताकद कायम कमी पडली. तरी १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर त्याने चोख काम केलं. आपल्या लोकांनी साठ वर्षांपूर्वी काय घडवलं होतं हे बघून मला दर वेळी अभिमान वाटतो, आणि इंजिनाबद्दल तितकीच हळहळ.

चौथं मिग-२१. १९६३ मध्ये दाखल झालं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप घेतला. नाकाच्या भोकात जो शंकू दिसतो तो शोभेचा नाही. आवाजापेक्षा वेगाने उडताना हवा थेट इंजिनात शिरली तर इंजिनाला ती झेपत नाही. शंकूच्या टोकाशी धक्का-लहर तयार होते आणि हवेचा वेग आत जाण्याआधीच उतरतो. पंख किती छोटे आहेत ते बघा, म्हणजे हे विमान इतक्या वेगाने का उतरायचं याचं उत्तर मिळेल. महाराष्ट्राचा याच्याशी जवळचा संबंध आहे. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ तयार होत असत.

पाचवं बाहेर उभं आहे, आणि एकच विमान बघायची परवानगी असती तर मी तेच निवडलं असतं: लिबरेटर. चार इंजिनांचं अमेरिकन बॉम्बफेकी विमान, दोन उभ्या शेपट्या, पंखांचा विस्तार तेहतीस मीटरहून अधिक. महायुद्ध संपल्यावर अशी कित्येक विमानं कानपूरला भंगारात काढून ठेवली होती. पुन्हा कुणी उडवू नये म्हणून त्यांची जाणूनबुजून नासधूसही केलेली होती. नव्या देशाकडे जड बॉम्बफेकी विमानं नव्हती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी कानपुरात त्या सांगाड्यांना एकदा उडता येईल इतपत जुळवलं, ती विमानं बंगळुरूला उडवत नेली आणि तिथे नीट दुरुस्त करून हवाई दलाच्या हवाली केली. १९६८ पर्यंत ती सेवेत होती. बाकी जगाने लिबरेटर केव्हाच निवृत्त केलं होतं. पुढे परदेशांतल्या संग्रहालयांना चांगल्या स्थितीतलं लिबरेटर हवं झालं, तेव्हा त्यांनी भारताकडे मागणी केली. पोटाखाली जाऊन बॉम्ब ठेवायच्या जागेची दारं बघा: ती खाली उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखी बाजूने वर गुंडाळली जातात.

वेळ उरला तर तिथेच पॅकेट हे मालवाहू विमान आहे. हिमालयातल्या विरळ हवेत दोन इंजिनं कमी पडत म्हणून त्याच्या पाठीवर एक छोटं जेट इंजिन बसवलं जाई, ते शोधा. १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला, सोळा हजार फुटांच्या वर, पॅकेट उतरवलं होतं.

आणि डाकोटा हे वाहतुकीचं विमान चुकवू नका, त्यात नागपूर आहे. ३० जानेवारी १९४९ ला देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून विमानं रात्री निघत, मध्यरात्रीनंतर सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. सुरुवातीच्या वर्षांत या कामाला डाकोटा होती. विमान शेपटीवर टेकलेलं असतं, नाक वर. दरवाज्यातून चढवलेली थैली पुढे न्यायची म्हणजे चढणीवरून ओढत नेणं. हमालांनी आणि टपाल कर्मचाऱ्यांनी हे मध्यरात्री, पावसाळ्यातही केलं. आपल्या मुलांना हे माहीत असायला हवं.

गोवा आणि विशाखापट्टणम

गोव्यात एकच प्रश्न मनात ठेवून फिरा: जहाजावर जागा नसते, मग काय केलं? सी हॉक आणि अलिझे यांचे पंख दुमडतात, त्यांचे सांधे बघा. शेपटीखालचा हुक बघा, उतरताना तो जहाजावरच्या जाड तारेत अडकतो आणि विमान थांबतं. सी हॅरियरच्या दोन्ही बाजूंना मिळून चार फिरणाऱ्या तोट्या आहेत. इंजिनाचा झोत खाली वळवला की विमान सरळ खाली उतरू शकतं. याच आवारात तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. ते आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं, मग हवाई दलाचं झालं आणि शेवटी नौदलाने त्याच्याकडून समुद्रावर टेहळणी करून घेतली. बाहेरच्या विमानांना खाऱ्या हवेने काय केलं आहे तेही बघा. विमान जपणं हे त्याला उडतं ठेवण्याइतकंच कष्टाचं काम आहे.

विशाखापट्टणमला आधी बाहेरून टीयू-१४२ चे पंखे मोजायला सांगा. चार इंजिनं आहेत, पंखे आठ. प्रत्येक इंजिनावर दोन पंखे एकामागे एक, उलट दिशांनी फिरणारे. हे विमान २९ वर्षं सेवा देऊन २०१७ मध्ये निवृत्त झालं. आत गेल्यावर घाई करणाऱ्या गर्दीला पुढे जाऊ द्या आणि कर्मचाऱ्यांच्या बसायच्या जागांपाशी थांबा. तासन्‌तास समुद्रावरून उडताना माणसं कुठे बसत, कुठे पाय मोकळे करत, ते बघून मुलं आपणहून प्रश्न विचारतील.

परत आल्यावर

वही दोन दिवसांत पूर्ण करा, नाहीतर ती राहते. क्रमांक शोधा, काकांना फोटो दाखवायला जा. चाकांच्या खोबणीचे फोटो त्यांना विमानाच्या फोटोपेक्षा जास्त आवडतील.

नागपुरातच विमानं जवळून बघायची संधी वायुसेना नगरातल्या एअर फेस्टच्या वेळी मिळते. बातमी स्थानिक वर्तमानपत्रांत येते, तिच्यावर लक्ष ठेवा. त्या दिवशी रिंग रोड आणि आसपासच्या रस्त्यांवर गर्दी होते, म्हणून गाडी लांब लावून चालत जा आणि ओळखपत्र जवळ असू द्या. आकाशातल्या कसरती घराच्या गच्चीवरूनही दिसतील. मैदानात काही मांडून ठेवलं असेल तर आधी तिकडे जा, आणि जवळ उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला गर्दी वाढायच्या आत गाठा.